"सिस्टीममध्ये हाच रेट आहे!"

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंट. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त एक पेपर होता, तोही गाईड वाचून पास व्हायचा. त्यामुळे संपादक मंडळातल्या सिनियरनं "यंदा मराठी विभागात तू लिही" असं म्हटल्यावर मी आधी हसलेच. पण मग विषय सुचला, आणि तो इंग्रजीत लिहिला असता तर मला माझीच लाज वाटली असती. का, ते पुढे कळेल. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर सांभाळून घ्या.

विषय आहे ७७ रुपये.

२०२५ च्या दिवाळीची गोष्ट. सुट्टीला घरी जायच्या आधी आमच्या विंगमधल्या मुलींनी यादी काढली. कुणाला शाम्पू, कुणाला कपड्यांची पावडर, कुणाला घरच्या लहान भावंडांसाठी बिस्किटं. आपल्या जिल्ह्यातल्याच एका सुपरमार्केटमध्ये सेल लागला होता. (नाव मुद्दामच लिहीत नाही. लेख वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर तुमचंच दुकान येईल!) मी आणि माझी रूममेट काळी-पिवळीत कोंबून घेऊन तिथे पोचलो. आत एसी, गाणी, लाल-पिवळे बोर्ड. 'शाम्पू १८० ऐवजी फक्त १४९'. 'पावडर एक किलो ९९'. 'दोन बिस्किटपुड्यांवर एक मोफत'. आम्ही ट्रॉली भरली, रांगेत उभ्या राहिलो, पीं पीं आवाज झाले, ११४६ रुपये दिले आणि दोन पिशव्या घेऊन होस्टेलला आलो.

रूमवर आल्यावर तिने बिल मागितलं. मी म्हटलं, "कशाला? बेरीज कॉम्प्युटरनं केलीय." ती म्हणाली, "बेरीज नाही बघत. भाव बघते."

पाच मिनिटांत तिने बोट ठेवून दाखवलं. शाम्पू १४९ चा १८० ला लागला होता, म्हणजे ३१ रुपये जास्त. पावडर ९९ ची ११५ ला, १६ रुपये जास्त. ३० रुपयांच्या बिस्किटांच्या तिन्ही पुड्यांचे पैसे लागले होते, 'मोफत' पुडा गायब, ३० रुपये. एकूण ७७. बेरीज एकदम बरोबर! बेरजेत घातलेले आकडे तेवढे चूक.

माझी रूममेट धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची. (नाव छापायचं नाही ही तिची अट.) लहानपणी तिचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जायचे. आपल्या जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबं जातात, हे इथल्या कुणाला सांगायला नको. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि तोडणी करून ती फेडायची. किती टन तोडला, किती फिटलं, किती राहिलं, हे सगळं मुकादमाच्या वहीत. ती मला म्हणाली, "बाबांना वाचता यायचं नाही. त्यांनी विचारलं की मुकादम वही उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, वहीत हेच आहे. वहीत आहे म्हणजे खरं. म्हणून मी पाचवीत असल्यापासून सगळे हिशोब डोक्यात ठेवते."

मी म्हटलं, "चल, उद्या परत जाऊ." ती म्हणाली, "तू जा. मी नाही येत." कारण विचारलं तर म्हणाली, "तिथे सगळे बघतात."

हे वाक्य मला तेव्हा समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. काउंटरवरच्या मुलाला बिल दाखवलं. तो बिचारा आपल्याच वयाचा, दहा तास उभा. त्याने वर न बघताच सांगितलं, "ताई, सिस्टीममध्ये हाच रेट आहे."

"पण रॅकवर ९९ लिहिलंय."

"जुनं लेबल असेल. आणि एमआरपीपेक्षा कमीच लागलंय ना? पावडरवर १३५ छापलंय, ११५ घेतले. उलट फायदाच झाला तुमचा."

मी दोन मिनिटं मराठीत वाद घातला. काही उपयोग झाला नाही. मग मी गिअर बदलला. आमच्या शाळेच्या सिस्टरनी शिकवलेल्या स्वच्छ उच्चारात म्हटलं, "एक्स्क्यूज मी, आय वुड लाईक टू स्पीक टू द मॅनेजर." आणि काय सांगू! अर्ध्या मिनिटात मॅनेजर हजर. तोही मराठी, मीही मराठी, काउंटरवरचा मुलगा तर शहाद्याकडचा. पण इंग्रजी कानावर पडल्याबरोबर 'ताई'ची 'मॅडम' झाले. सॉरी मॅडम, लेबल अपडेट व्हायचं राहिलं मॅडम. ७७ रुपये हातात, वर एक चॉकलेट.

इथपर्यंत मी खूश होते. होस्टेलला जाऊन कशी फुशारकी मारायची ते ठरवत होते. तेवढ्यात मागे रांगेतली बाई पुढे आली. पन्नाशीची असेल. हातावर, लुगड्याच्या काठावर लाल भुकटी. म्हणजे मिरचीच्या पथारीवरून कामावरून थेट आली होती. तिच्या टोपलीत तीच एक किलोची पावडर. पीं. ११५ रुपये. मुलाने लावले, मॅनेजरने बघितले, मीही बघितले. रॅकवरचं लेबल चुकलंय हे त्या क्षणी तिथे तीन माणसांना माहीत होतं. तिघंही गप्प. तिने कमरेची पिशवी सोडली, मोजून पैसे दिले, बिल घडी करून आत ठेवलं आणि ती गेली.

मी का नाही बोलले? माझं काम झालं होतं, एवढंच खरं उत्तर आहे.

काळी-पिवळीत बसले तेव्हा रूममेटचं वाक्य समजलं. तिथे सगळे बघतात... पण सगळ्यांकडे सारखं बघत नाहीत.

आता आपण इंजिनियर होणार आहोत, तेव्हा आधी 'सिस्टीम' म्हणजे काय ते बघू. कारण हा शब्द काउंटरवर असा वापरतात जणू ते पंचांगच आहे, त्यात लिहिलंय म्हणजे ग्रहसुद्धा तसेच फिरणार.

बऱ्याच जणांना वाटतं की बारकोडमध्ये किंमत असते. नसते. पुड्यावरच्या उभ्या रेघांमध्ये फक्त एक तेरा आकडी नंबर असतो. ८९० ने सुरू झाला तर तो नंबर भारतातल्या संस्थेनं दिलेला आहे, एवढंच. स्कॅनर नंबर वाचतो, दुकानाच्या कॉम्प्युटरला विचारतो, "याचा भाव काय?" आणि कॉम्प्युटर त्याच्या टेबलमध्ये जे असेल ते सांगतो. हे तंत्र दुकानात पहिल्यांदा चाललं २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय नावाच्या गावात. पहिली वस्तू होती च्युइंगमचं पाकीट, किंमत ६७ सेंट.

त्या तेरा आकड्यांतला शेवटचा आकडा फार मजेशीर आहे. त्याला चेक डिजिट म्हणतात. पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जो आकडा लागेल तो शेवटी लिहायचा. समजा नंबर ८९०१२३४५६७८९ असा सुरू झाला. गुणून बेरीज येते १३०. ती आधीच दहाच्या पटीत आहे, म्हणून शेवटचा आकडा ०. करून बघा, कॅन्टीनमध्ये चहा येईपर्यंत होतं. स्कॅनरने यातला एक आकडा जरी चुकीचा वाचला तरी हिशोब जुळत नाही आणि मशीन नंबर नाकारतं.

आणखी एक गंमत. २९ सप्टेंबर २०१० ला देशातले पहिले आधार नंबर वाटले गेले ते आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीला. त्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडासुद्धा असाच तपासणीचा असतो, फक्त त्याचं गणित जास्त अवघड आहे. म्हणजे नंबर चुकू नये यासाठी माणसाने केवढं डोकं लावलंय बघा!

आणि भाव चुकू नये यासाठी? काही नाही. शाम्पूचा नंबर बरोबर वाचला गेला की मशीनच्या दृष्टीने काम संपलं. त्या नंबरापुढे १४९ च्या जागी १८० असेल तर ते कोण तपासणार? भावाला चेक डिजिटच नाही.

डीबीएमएसच्या पहिल्या युनिटमध्ये आपण शिकतो की एकच माहिती दोन ठिकाणी ठेवली की कधी ना कधी ती दोन ठिकाणी वेगवेगळी होणार. सुपरमार्केटमध्ये प्रत्येक भाव निदान दोन ठिकाणी असतो, रॅकवरच्या कागदावर आणि कॉम्प्युटरच्या टेबलमध्ये. टेबल बदलायला काही क्लिक पुरतात. कागद बदलायला एक मुलगा शिडी घेऊन शेकडो रॅकांपुढून फिरावा लागतो. सेल सुरू होताना आणि संपताना हे दोन्ही एकाच वेळी बदलले नाहीत की झाली गडबड. त्यात 'दोनावर एक', 'फक्त पाचशे ग्रॅमच्या पुड्यावर', 'अमुक रुपयांच्या खरेदीवर' अशा अटी. अट टेबलमध्ये टाकायची राहिली की ऑफर फक्त बोर्डावर.

म्हणजे सगळे दुकानदार चोर आहेत असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९८ साली केलेल्या पाहणीत साधारण दर तीस वस्तूंमागे एकीचा भाव चुकीचा निघाला होता, आणि त्यात जास्त लागलेले होते तसे कमी लागलेलेही होते. चुका दोन्ही बाजूंना होतात. पण फरक एक आहे. कमी लागलेला भाव दुकान शोधून काढू शकतं, कारण त्यांच्याकडे स्टॉकचा हिशोब आहे, अकाउंटंट आहे. जास्त लागलेला भाव शोधायला ग्राहकाकडे काय आहे? फिकट छापलेलं, अर्ध्या इंग्रजी शब्दांचं, महिन्याभरात पांढरं होणारं बिल.

आता त्या मुलाच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. "एमआरपीपेक्षा कमीच घेतलं ना?" हे वाक्य आपल्या सगळ्यांना गप्प करतं, कारण आपण ग्राहक म्हणून एकच गोष्ट शिकलोय, एमआरपी बघायची.

एमआरपीची पद्धत कशी आली ते माझ्या बाबांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी पुड्यावर किंमत असायची आणि पुढे लिहिलेलं असायचं 'स्थानिक कर वेगळे'. मग दुकानदार कराच्या नावाखाली हवे तेवढे लावायचा. १९९० मध्ये नियम बदलले आणि सर्व करांसहित कमाल किंमत छापणं आलं. आज २००९ चा वैधमापन कायदा आणि २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम लागू आहेत. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, छापील किंमत खोडायची नाही, हे सगळं त्यात आहे. एकाच वस्तूवर मॉलसाठी वेगळी आणि गल्लीतल्या दुकानासाठी वेगळी एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे.

पण एमआरपी म्हणजे कमाल. ती छत आहे, भाव नव्हे. ९९ चा बोर्ड लावून ११५ घेतले तर छत फुटलं नाही हे खरं, पण शब्द मोडला की नाही? बोर्ड बघून मी वस्तू उचलली. बोर्डावर ११५ असते तर मी गल्लीतल्या दुकानातून घेतली असती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिल न देणं हीसुद्धा. एका मोठ्या साखळी दुकानाविरुद्धच्या पिशवीच्या केसमध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की, आधी न सांगता काउंटरवर अचानक पिशवीचे पैसे लावणं चूक आहे. पिशवी होती फक्त १८ रुपयांची! तिथेही मुद्दा तोच होता, भाव आधी कळला पाहिजे. पैसे देताना नव्हे, वस्तू निवडताना.

या दिवाळीत तर आणखी एक गोंधळ होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण, बिस्किटं यांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला. पण दुकानात माल जुन्या छपाईचा. आता आमच्या शाम्पूचं गणित करा. १८० रुपयांत १८ टक्के कर धरलेला. कर काढला तर मूळ किंमत येते साधारण १५२ रुपये ५४ पैसे. त्यावर ५ टक्के लावले की १६० रुपये. म्हणजे '१८० ऐवजी १४९, ३१ रुपयांची भरघोस सूट' या बोर्डातले वीस रुपये मुळात सरकारने सोडलेला कर होता, दुकानाची सूट ११ रुपयेच! आणि बिलात लागले पूर्ण १८०. म्हणजे ना सेलची सूट, ना कराची. आम्ही दोघी कॉम्प्युटर इंजिनियरिंगच्या मुली, पण हे गणित तिथे रांगेत उभं राहून करता आलं नाही. रूमवर बसून आलं.

हे सगळं मी होस्टेलमध्ये बोलून दाखवलं तेव्हा तीन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या.

पहिली : "पाच-दहा रुपयांसाठी कोण डोकं लावतं यार!" बरोबर आहे. पण पाच-दहा रुपये तुमच्या बाजूने. दुकानाच्या बाजूने ते पाच-दहा गुणिले दिवसभराची रांग आहे. आणि त्या मावशीच्या १६ रुपयांचं मोल माझ्या १६ रुपयांएवढंच आहे असं म्हणणं हे गणित नव्हे, बेफिकिरी आहे.

दुसरी : "त्यापेक्षा आपलं किराणा दुकान बरं." मलाही क्षणभर पटलं. पण जरा आठवा. वाण्याकडे उधारीची वही असते, बिल नसतं. तोंड बघून भाव सांगणारे तिथेही आहेत. 'मापात पाप' ही म्हण काही सुपरमार्केट आल्यावर तयार झालेली नाही. रूममेटच्या आईने धडगावच्या बाजारात धान्य विकताना काटा मारलेला बघितलाय आणि मीठ-तेल घेतानाही. उलट सुपरमार्केटमध्ये निदान छापील बिल मिळतं, म्हणून तर चूक पकडता आली. मुंबईत नायगावला १९४८ मध्ये 'अपना बाजार' सुरू झालं तेच मुळी कामगारांना योग्य भावात, योग्य मापात माल मिळावा म्हणून. पुण्यात १९७४ ला बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. देशात पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला २४ डिसेंबर १९८६ ला. तेव्हा दुकान जुनं की नवं हा मुद्दा नाही. समोरच्याचं तोंड न बघता सगळ्यांना एकच भाव लागतो का, हा मुद्दा आहे. मशीनकडून तर हीच एक अपेक्षा होती!

तिसरी प्रतिक्रिया मला सगळ्यात जास्त लागली. आमच्या विंगमधली एक म्हणाली, "आणि मागच्या महिन्यात तुझ्या फेसवॉशचे पैसे लावायचे राहिले होते, तेव्हा तू पार्टी दिली होतीस." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरं होतं. चूक माझ्या फायद्याची होती तेव्हा मला सिस्टीम, डेटाबेस, कायदा काही आठवलं नव्हतं. कदाचित त्या रात्री कॅश जुळवताना काउंटरवरच्या मुलाच्या पगारातून ते कापलेही असतील. म्हणजे मला हिशोब हवा होता तो माझ्याच बाजूचा.

मग करायचं काय? नुसती कुरकुर करून लेख संपवला तर तो निबंध होईल. चार गोष्टी सुचवते.

एक, बिल काउंटर सोडण्याआधी वाचा. सेलच्या वस्तूच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढा. शाम्पूचा फोटो माझ्याकडे नव्हता, आणि मी इंग्रजी बोलले नसते तर पुरावा म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. पुड्यावर आता दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव छापलेला असतो, २०२१ मध्ये नियमांत तशी दुरुस्ती झाली. 'मोठा पुडा स्वस्त' हे नेहमीच खरं नसतं, तो बारीक आकडा बघा.

दोन, दुकानाने ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, नंबर १९१५. मराठीतूनही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. सोळा रुपयांसाठी कुणी आयोगात जाणार नाही हे मलाही कळतं. पण जाता येतं, हे माहीत असलेल्या माणसाचा काउंटरवरचा आवाज वेगळा लागतो.

तीन, दुकानांसाठी. कॅनडातल्या मोठ्या दुकानांनी २००२ मध्ये स्वतःहून एक नियम लावून घेतला. लेबलपेक्षा स्कॅनरने जास्त भाव लावला तर ती वस्तू फुकट (सुरुवातीला दहा डॉलरपर्यंतची), त्याहून महाग असेल तर दहा डॉलर कमी. चूक पकडली की बक्षीस! मग लेबलं आपोआप वेळेवर बदलली जातात, कारण आता चुकीचा खर्च दुकानाला येतो. आपल्याकडे कोणी एका दुकानाने जरी असा बोर्ड लावला तरी मी पंधरा किलोमीटर लांबून तिथे जाईन.

चार, आपल्यासाठी. दरवर्षी प्रोजेक्टमध्ये लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम किती जण करणार? लेबलचा फोटो आणि बिलाचा फोटो घेऊन भाव जुळतात का ते सांगणारं, आणि अहिराणीत, पावरीत, भिलीत बोलून दाखवणारं छोटं ॲप कुणी केलं तर? गाईड व्हायला आमचे एक सर तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. आणि ॲप होईपर्यंत एनएसएसच्या मुलामुलींनी बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर बाकावर बसून कुणाला हवं असेल तर बिल वाचून दाखवलं, तरी पुष्कळ झालं.

शेवटी परत त्या मावशीकडे येते. मुकादम म्हणायचा, "वहीत हेच आहे." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सिस्टीममध्ये हाच रेट आहे." वही उघडून दाखवली तरी वाचता येत नव्हती. आता स्क्रीन तिच्याकडे तोंड करूनही नसतो. आणि पुढच्या दोन वर्षांत या सिस्टीम लिहिणार आहोत आपण. त्या स्क्रीनचं तोंड कुणाकडे असावं, हे आपल्यापैकीच कुणीतरी कुठल्या तरी कंपनीत बसून ठरवणार आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी आणि रूममेट पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी तीही आली. पुढे एक बाबा होते, टॉवेलचं मुंडासं बांधलेले. तेलाच्या पिशवीचा भाव लेबलपेक्षा सात रुपये जास्त लागला. मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी, आणि मराठीत : "दादा, रॅकवर बघा, बाबांचे सात रुपये जास्त लागलेत." मुलगा म्हणाला, "सिस्टीममध्ये..." ती म्हणाली, "मग सिस्टीम दुरुस्त करा. आम्ही थांबतो."

रांग थांबली. मागून कुणीतरी कुरकुरलं. ते बाबा संकोचून अहिराणीत म्हणाले, "जाऊ दे ना बेटा." पण ती हलली नाही. सगळे बघत होते. सात रुपये परत मिळाले. मॅनेजरला बोलवावं लागलं नाही, आणि इंग्रजीचा एक शब्दही लागला नाही.

म्हणून हा लेख मराठीत लिहिलाय. पुढच्या वेळी रांगेत तुमच्या पुढच्या माणसाचं बिल चुकताना दिसलं, तर तुम्हीही बोला. आणि तुमच्या फायद्याची चूक झाली, तर तेव्हाही बोला. मी फेसवॉशचे पैसे जाऊन देऊन आलेय. काउंटरवरचा मुलगा माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच सिस्टीममध्ये नाहीये!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी